बंद खोलीत, दिव्याखाली मिरची: नाशिकच्या हवेत घरातलं झाड कसं सांभाळायचं

नाशिकमधल्या नव्या सोसायट्यांत गॅलरी असते, पण ऊन असतंच असं नाही. समोरच्या इमारतीची सावली सकाळी अकरापर्यंत हलत नाही आणि दुपारचं ऊन वरच्या मजल्याच्या छज्जावर अडतं. अशा घरात मिरचीचं रोप आणलं की महिन्याभरात ते लांबतं, वाकतं, फुलं गाळतं. मग घरातलं कुणीतरी कुंडीत खत घालतं आणि झाड जातं.

चूक इथेच होते. घरातल्या झाडाला आधी उजेड लागतो, मग हवा, मग पाणी, आणि खत सगळ्यांत शेवटी. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे आणि कामही त्याच क्रमाने करावं. मिरची मुद्दाम निवडली आहे. तिचं झाड लहान जागेत बसतं, ती स्वपरागी आहे, आणि काही बिघडलं तर पानांवर लगेच दाखवते. टोमॅटो किंवा ढोबळी मिरची लावायची असेल तरी यातलं बहुतेक तसंच लागू पडतं.

एक खुलासा आधीच करायला हवा. तंबू, दिवे, पंखे यांची इंटरनेटवरची बरीच माहिती परदेशातल्या गांजाच्या लागवडीतून आलेली आहे. आपल्याकडे ते पीक परवान्याशिवाय घेणं १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे, घरातलं एक झाडसुद्धा. शिवाय त्या माहितीतला ‘फुलावर आणायला दिवा १२ तासांवर आणा’ हा सल्ला मिरचीला लागूच होत नाही. मिरचीला फुलायला दिवस लहान व्हावा लागत नाही. तक्ते डोळे झाकून उचलले तर उजेड उगाच कमी होतो आणि फळ कमी लागतं.

जागा आणि सामान

२ फूट बाय २ फूट जागा आणि ५ फूट उंची पुरेशी आहे. आतून चंदेरी कापड असलेला तयार तंबू मिळतो. जुनं कपाट दारं काढून, आतून बिनचमकीचा पांढरा रंग देऊनही चालतं. चुरगळलेली ॲल्युमिनियम फॉइल मात्र लावू नका. ती उजेड एकसारखा पसरवत नाही. दिव्याजवळ थर्माकोल नको, तो पेटतो.

एवढ्या जागेत ज्वालासारख्या मिरचीची दोनच झाडं ठेवा. लवंगीसारखी बुटकी असेल तर चार. सहा-आठ रोपं दाटीवाटीने ठेवणाऱ्याला शेवटी दोन झाडांएवढंच फळ मिळतं, आणि कीड मात्र सहांवर.

सामान मोजकं आहे. भिंतीवरच्या प्लगमधून प्रत्यक्ष १०० वॅट घेणारा पांढरा एलईडी दिवा, टायमर, ६ इंची चिमट्याचा पंखा, ४ इंची एक्झॉस्ट, तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, पीएच (पाण्याचा आम्लपणा) आणि ईसी (पाण्यात विरघळलेले क्षार; पुढचे सगळे आकडे mS/cm मध्ये) मोजायची पेनं, सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा आणि १० पट मोठं दाखवणारं भिंग. ईसी-पीएचची पेनं नवी घ्यायची नसतील तर ठिबकमधून खत सोडणाऱ्या द्राक्ष बागायतदाराकडे चौकशी करा, त्याच्याकडे ती बहुधा असतातच. पीएचचं पेन मात्र महिन्यातून एकदा ४ आणि ७ च्या द्रावणात तपासून घ्यावं लागतं, नाहीतर ते आत्मविश्वासाने खोटं बोलतं.

विजेच्या बाबतीत हयगय नको. टायमर आणि एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, भिंतीवर उंच बसवा. दिव्याची वायर प्लगकडे येताना आधी खाली झोळ घेऊन मग वर जाऊ द्या. म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही. अर्थिंग तपासून घ्या आणि मेन बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला आधी तो बसवायला सांगा.

उजेड

डोळ्यांना खोली उजळ वाटते म्हणजे झाडाला उजेड मिळतो असं नाही. दुपारच्या कडक उन्हात बाहेर सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. घरात, खिडकीपासून चार-पाच फुटांवर, तो बहुतेक वेळा २ हजारांच्याही खाली येतो. आपल्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होऊन हा फरक भरून काढतात. पानाला ती सोय नाही.

झाडाला उपयोगी पडणारा उजेड मायक्रोमोलमध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती प्रकाशकण पडतात ते. फळं धरणाऱ्या मिरचीला पानांच्या उंचीवर ३०० ते ५०० मायक्रोमोल हवेत, रोपांना १०० ते २००. दिवसभराचा हिशोब असा: ३५० मायक्रोमोल, १६ तास, गुणिले ३६०० सेकंद, म्हणजे दिवसाला सुमारे २० मोल. फळासाठी ही चांगली बैठक आहे. १२ मोलच्या आसपास पानं छान राहतील, फळं मोजकी लागतील.

मायक्रोमोलचं मीटर महाग असतं. पांढऱ्या एलईडीसाठी मोबाइलमधल्या लक्स मीटरवर काम भागतं, कारण पांढऱ्या एलईडीचे साधारण ६५ ते ७० लक्स म्हणजे १ मायक्रोमोल. म्हणजे ३५० मायक्रोमोलसाठी पानांच्या उंचीवर सुमारे २४ हजार लक्स दिसायला हवेत. जांभळ्या-गुलाबी दिव्यांना हा हिशोब चालत नाही. ते दिवे घेऊही नयेत, कारण त्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे तेच कळत नाही.

१०० वॅटच का? दोन बाय दोन फूट म्हणजे ०.३७ चौरस मीटर. ३५० मायक्रोमोल हवे तर सेकंदाला १३० मायक्रोमोल पानांवर पडायला हवेत. कडेला वाया जाणारा उजेड धरला तर दिव्यातून १६५ च्या आसपास निघायला हवेत. चांगला दिवा एका वॅटमागे २.५ देतो, म्हणजे ६५-७० वॅट लागतात. साधा दिवा २ च्याही खाली देतो, म्हणजे ८५-९० वॅट. म्हणून १०० वॅट घेतला की दोन्ही बाजूंनी निभावतं. खोक्यावर ‘१००० वॅट’ छापलेलं असतं त्यावर जाऊ नका, प्रत्यक्ष वीज किती घेतो तेवढंच विचारा. वीजखर्च मोजायला सोपा आहे: १०० वॅट गुणिले १६ तास म्हणजे रोज १.६ युनिट, महिन्याला ४८ युनिट. ही युनिटं तुमच्या बिलाच्या सर्वांत वरच्या स्लॅबमध्ये पडतात, तो दर धरून हिशोब करा. मग ठरवा दोन झाडं ठेवायची का.

दिवा रोपांपासून २४ इंच आणि फळांवरच्या झाडांपासून १८ इंच उंच ठेवून सुरुवात करा, मग लक्स बघून वर-खाली करा. शेंड्याची पानं पांढुरकी पडली आणि कडा वर वळल्या तर दिवा जवळ आहे. दोन पेरांमधलं अंतर बोटभर लांब होत गेलं तर दिवा लांब आहे. २४ तास दिवा ठेवून पीक लवकर येत नाही. टोमॅटोची पानं तशा उजेडात पिवळी पडतात आणि मिरचीलाही ते मानवत नाही. अंधार ८ तासांचा असू द्या.

हवा: नाशिकचे तीन ऋतू

घरात वाढवतोय म्हणजे बाहेरच्या हवेशी संबंध संपला, हा गैरसमज आहे. एक्झॉस्ट खोलीतलीच हवा ओढतो आणि खोलीत बाहेरचीच हवा येते.

नुसती आर्द्रता बघून उपयोग नाही. हवा पानातून किती जोराने पाणी ओढते ते तापमान आणि आर्द्रता मिळून ठरतं. ही ओढ किलोपास्कलमध्ये मोजतात. मिरचीला ०.८ ते १.२ बरी. २६ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला ती सुमारे १.२ येते. आता नाशिकमधली मे महिन्यातली दुपार घ्या. ३५ अंश आणि २५ टक्के, ओढ ४.२. झाड पाणी वाचवायला पानांवरची छिद्रं मिटून घेतं, वाढ थांबते, फुलं गळतात, आणि कुंडी ओलीच असल्याने माणूस चक्रावतो. उलट जुलै-ऑगस्टमध्ये २५ अंश आणि ९० टक्के, ओढ जेमतेम ०.३. पानातून पाणीच निघत नाही, त्यामुळे त्या पाण्याबरोबर वर चढणारं कॅल्शियमही चढत नाही. कोवळी पानं वेडीवाकडी येतात, फळाचा खालचा टोकाकडचा भाग काळा पडतो. खतात कॅल्शियम असूनही.

उन्हाळ्यात दिवा रात्री चालवा. संध्याकाळी ६ ला सुरू, सकाळी १० ला बंद. दिवा जेवढे वॅट खातो तेवढी उष्णता शेवटी खोलीतच सोडतो, म्हणून सगळ्यांत तापलेल्या वेळी तो बंद असलेला बरा. नाशिकचा उन्हाळा कोरडा असल्याने साधा कूलर इथे उत्तम चालतो. तो एकाच वेळी हवा गारही करतो आणि ओलही देतो. दिवसा ३२-३३ अंशांच्या वर आणि रात्री २४ च्या वर सतत राहिलं तर फुलं गळणारच. त्या वेळी औषध मारत बसू नका, गारवा करा.

पावसाळ्यात बहुतेक जण एक्झॉस्ट जोरात लावतात. बाहेरची हवाच ९० टक्के दमट असते, ती आत ओढून काय मिळणार? इथे दिव्याची उष्णता कामाला लावा. २५ अंशांची ९० टक्के दमट हवा नुसती २९ अंशांपर्यंत तापली, पाण्याचा एक थेंब काढला नाही, तरी आर्द्रता सुमारे ७१ टक्क्यांवर येते आणि ओढ १.१ च्या पुढे जाते. म्हणून एक्झॉस्ट हळू ठेवा, आतला पंखा चालू ठेवा आणि तंबू ४-५ अंश तापू द्या. दिवा बंद असताना मात्र हवा हलती हवी, तेव्हाच बुरशी धरते.

थंडीत डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, निफाडच्या बाजूला आणखी खाली. तेव्हाही दिवा रात्रीच चालवा, १०० वॅटची शेगडी फुकट मिळते. झाडाची पिशवी थेट फरशीवर नको. फरशी मुळांतली ऊब ओढून घेते आणि गारठलेल्या मुळांना स्फुरद उचलता येत नाही. पानांच्या खालच्या बाजूला जांभळी झाक दिसते ती त्याचीच. खाली प्लायवूडचा तुकडा आणि दोन विटा पुरतात.

आतला पंखा झाडावर रोखू नका. पानं हलकी थरथरली पाहिजेत, फडफडायला नकोत.

बी ते रोप

जात निवडताना हातात जागा किती आहे ते बघा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले ज्योती घोसाने फळं देते. ज्वाला लांब, नेहमीच्या वापराची. संकरित मिरचीचं बी धरून पुढच्या वेळी लावू नका, तेच झाड येत नाही.

बी कोमट पाण्यात ८ ते १२ तास भिजवा. धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) प्रोट्रेमध्ये, म्हणजे रोपांच्या खाचांच्या ट्रेमध्ये भरा, त्यात चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा आणि बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाका. उगवायला २५ ते ३० अंश लागतात. त्या तापमानाला ७ ते १२ दिवसांत मोड दिसतो. थंडीत २० च्या खाली तीन आठवडे लागतात आणि तोवर अर्धं बी कुजतं. ट्रे राउटरवर किंवा फ्रिजच्या वर ठेवला की पुरेशी ऊब मिळते. मान बाहेर दिसली त्याच दिवशी ट्रे दिव्याखाली न्या. एक दिवस उशीर झाला तरी मान दोरीसारखी लांबते आणि ती पुन्हा जाड होत नाही. या टप्प्यात २० वॅटची साधी एलईडी ट्यूब ४-५ इंचांवर ठेवली तरी चालते.

रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडली तर ती मर आहे, कारण सततची ओल आणि कोंडलेली हवा. पडलेली रोपं काढून टाका, वरचा थर सुकू द्या, पंखा लावा.

४ ते ६ खरी पानं आली की रोप पिशवीत हलवा.

पिशवी आणि माध्यम

१२ ते १५ लिटरची, तळाला भरपूर भोकं असलेली ग्रो बॅग घ्या. बागेतली काळी माती घरात आणू नका. नाशिकची काळी माती शेतात सोनं आहे, पण पिशवीत ती चिकटून बसते, सुकली की कडेने भेगाळते आणि पाणी मुळांना न भेटता भेगेतून खाली जातं. शिवाय तिच्याबरोबर किडींची अंडी येतात.

मिश्रण असं: कोकोपीट ५ भाग, गांडूळखत ३ भाग, परलाइट (हवा खेळती ठेवणारे हलके पांढरे खडे) २ भाग.

कोकोपीटवर मात्र मेहनत घ्यावी लागते आणि बहुतेकांची पहिली गाठ इथेच बसते. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियम ठासलेलं असतं. वीट भिजवा, साध्या पाण्याने धुवा, पिळा, पुन्हा धुवा. निथळलेल्या पाण्याची ईसी १ च्या खाली येईपर्यंत. त्यानंतर लिटरला ५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी एकदा साध्या पाण्याने धुवा. यामागचं कारण असं की काथ्याच्या कणांना चिकटलेलं सोडियम-पोटॅशियम धुतल्याने पूर्ण सुटत नाही, कॅल्शियम त्याची जागा घेतं तेव्हा सुटतं. हे केलं नाही तर पुढे तुम्ही दिलेलं कॅल्शियम झाडाआधी काथ्याच खातो. ५ किलोच्या विटेचं ६० लिटरच्या वर कोकोपीट होतं, दोन पिशव्यांना त्यातलं एक-सव्वा किलो पुरे.

पाणी

घरातली झाडं तहानेपेक्षा पाण्यानेच जास्त मरतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. सतत चिंब पिशवीत ती गुदमरतात, कुजतात आणि कुजलेलं मूळ पाणी उचलत नाही. मग वरचं पान मलूल होतं, अगदी तहानलेल्यासारखं, आणि माणूस आणखी पाणी घालतो.

बोट घालून अंदाज घेण्यापेक्षा वजन करा. पिशवी पूर्ण भिजवून निथळू द्या, काट्याला लावून वजन पिशवीवरच लिहून ठेवा. १२ लिटरच्या पिशवीचं वजन त्यापेक्षा दीड ते दोन किलो कमी झालं की पाणी द्यायची वेळ झाली. फळांवरचं झाड उन्हाळ्यात रोज पाणी मागेल, पावसाळ्यात तीन-तीन दिवस मागणार नाही. ‘एक दिवसाआड’ असा नियम करून टाकणं म्हणूनच चुकीचं. हलक्या हाताने, सगळीकडून, दोनदा थांबून पाणी घाला. दिलेल्या पाण्याचा दहावा-सातवा हिस्सा तळातून बाहेर आला पाहिजे. बाहेर आलेलं पाणी फेका, ताटलीत साचू देऊ नका.

कुठलं पाणी? नळाचं पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून वापरा. बोअरच्या पाण्याची ईसी आधी मोजा. ती मुळातच १ च्या वर असेल तर त्यात खत घालायला जागाच उरत नाही. असं पाणी पावसाच्या किंवा एसीतून निघणाऱ्या पाण्यात निम्मं मिसळा. आरओचं बाहेर टाकलं जाणारं पाणी झाडाला घालायची सवय घरोघरी आहे, भावना चांगली आहे, पण त्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशी पुसायला ठेवा.

खत मिसळून झाल्यावर पीएच ६.० ते ६.५ वर आणा. बोअरचं पाणी साधारण ७.५ च्या पुढे असतं. द्राक्षबागेत वापरतात तेच फॉस्फोरिक ॲसिड १० लिटरला अर्ध्या मिलीपासून सुरू करून, ढवळून, मोजत मोजत वाढवा. हातमोजे आणि चष्मा घाला. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही.

खत

शेवटी इथे आलो. गांडूळखतामुळे पहिले दोन-तीन आठवडे फार काही लागत नाही. कृषी सेवा केंद्रात मिळणारी विद्राव्य खतं पुरेशी आहेत, वेगळ्या परदेशी बाटल्या घ्यायची गरज नाही.

खतांच्या नावातले आकडे म्हणजे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाशचे टक्के. रोप लहान असताना १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, एकूण ईसी १ च्या आत. फांद्या भरताना लिटरला १ ग्रॅमपर्यंत, ईसी १.४ ते १.६. फुलं दिसू लागली की दोन पाण्यांची आळीपाळी सुरू करा. एका पाण्यात १३:००:४५ अर्धा ग्रॅम आणि कॅल्शियम नायट्रेट ०.८ ग्रॅम. पुढच्या पाण्यात १९:१९:१९ ०.७ ग्रॅम, ००:५२:३४ ०.३ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट अर्धा ग्रॅम. फळं भरताना एकूण ईसी २ च्या आसपास. चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं आठवड्यातून एकदा, लिटरला ०.१ ग्रॅम.

दोन पाणी वेगळी ठेवायचं कारण बादलीत डोळ्यांनी दिसतं. कॅल्शियम नायट्रेटच्या दाट द्रावणात ००:५२:३४ किंवा मॅग्नेशियम सल्फेट टाकून बघा: पाणी दुधाळ होतं, थोड्या वेळात तळाला पांढरा साका बसतो. कॅल्शियमने स्फुरद आणि सल्फेट धरून ठेवलं, आता ते झाडाच्या कामाचं राहिलं नाही.

तीन-चार आठवड्यांतून एकदा बिनखताचं पाणी पिशवीच्या दीडपट ओतून साचलेले क्षार धुऊन काढा. तळातून येणाऱ्या पाण्याची ईसी दिलेल्या पाण्यापेक्षा १ ने वर गेली किंवा पिशवीच्या कडेला पांढरी साय दिसली तर लगेच.

खालची जुनी पानं सगळीच पिवळी होऊ लागली तर नत्र कमी. खालच्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा तर मॅग्नेशियम. तेच चित्र शेंड्याच्या कोवळ्या पानांवर असेल तर लोह, आणि तिथे बहुधा लोह कमी नसतं, पीएच वर गेलेला असतो. आधी पीएच मोजा.

फांद्या आणि फुलं

रोपाला ७-८ पानं झाली की शेंडा खुडा, बाजूच्या फांद्या सुटतात. पहिल्या दुबेळक्यात येणारी पहिली दोन-चार फुलं काढून टाका. जीवावर येतं, पण त्या वेळी फळ धरलं तर झाड तेवढंच राहतं.

घरात वारा नाही, मधमाशी नाही. फूल उघडल्यावर भिंगातून बघा: मधल्या केसराभोवती पाच निळसर-जांभळे परागकोश असतात. दिवा लागल्यानंतर दोन-तीन तासांनी ते उभे उकलतात आणि कडांवर फिकट भुकटी दिसते. तीच वेळ. फांदीला टिचकी मारा किंवा जुना इलेक्ट्रिक टूथब्रश देठाला सेकंदभर टेकवा. भुकटी उडताना दिसेल. रोज एकदा. हवा फार दमट असेल तर पराग चिकटून राहतो, फार कोरडी असेल तर टिकत नाही, म्हणून आर्द्रता ५० ते ७० टक्क्यांत ठेवायची.

पान वळलं तर कुठल्या बाजूला वळलं ते बघा

मिरचीची पानं वळली की सगळे त्याला चुरडा-मुरडा म्हणतात, कुणी बोकड्या म्हणतात, आणि दुकानातून जे मिळेल ते फवारतात. पण तीन वेगळी दुखणी एकाच नावाखाली येतात. पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार झाला तर फुलकिडे. पान खाली वळून उलट्या होडीसारखं झालं, देठ लांबला, पान जाडसर तांबूस झालं तर कोळी. पानं लहान, गुच्छासारखी, पिवळट आणि झाडच खुजं राहिलं तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. पहिल्या दोनांवर उपाय आहे. तिसऱ्यावर नाही, ते झाड पिशवीत बांधून घराबाहेर काढायचं.

कोळी डोळ्यांना दिसत नाही. शेंड्याजवळचं सगळ्यांत कोवळं पान उलटं करून भिंगाखाली धरा, शिरेलगत हलणारे पारदर्शक ठिपके दिसतात. हे काम आठवड्यातून दोनदा, काही बिघडलेलं नसतानाही. घरात त्यांना खाणारा कुणी मित्रकीटक नसतो, दहाचे हजार व्हायला दोन आठवडे पुरतात.

नाशिककरांसाठी एक खास गोष्ट. द्राक्षावर येणारे फुलकिडे आणि मिरचीवर येणारे फुलकिडे बऱ्याचदा एकाच जातीचे असतात, स्किर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर बागा कोवळ्या फुटीवर असताना शेतातून आलात तर कपडे बदलून, हातपाय धुऊनच तंबू उघडा. नर्सरीतलं नवं रोप दोन आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवा. तंबाखू मळणाऱ्याने साबणाने हात धुतल्याशिवाय पानाला हात लावू नये, तंबाखूतला मोझॅक विषाणू हातानेच मिरचीवर जातो.

उपाय घरात झेपतील असेच करा. शेतातली विषारी कीटकनाशकं झोपायच्या खोलीच्या शेजारी फवारू नका. फुलकिडे आणि माव्यासाठी १० हजार पीपीएमचं निंबोळी अर्क लिटरला दीड मिली, अर्धा मिली पातळ साबण घालून, पानाच्या खालच्या बाजूला, दिवा बंद असताना. दर चार-पाच दिवसांनी तीनदा. एका फवारणीने अंडी मरत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा. कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, पण ३२ अंशांच्या वर नाही आणि निंबोळी किंवा कुठल्याही तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे नाही, पानं करपतात. गंधक मारताना झाड गच्चीत न्या आणि तोंडाला मास्क बांधा.

कोकोपीटवर बारीक काळी चिलटं उडू लागली तर ती ओल जास्त झाल्याची खूण आहे. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात. वरचा इंचभर थर सुकू द्या, त्यावर धुतलेल्या वाळूचा थर द्या, पिवळा चिकट सापळा आडवा ठेवा. फुलकिड्यांसाठी निळा सापळा शेंड्याच्या उंचीवर.

तोडणी आणि पुढचा बहर

फूल धरल्यापासून हिरवी मिरची साधारण महिनाभरात तयार होते, लाल व्हायला दोन महिने. ओढून तोडू नका, कात्रीने देठासकट कापा, नाहीतर फांदी चिरते आणि तिथून बुरशी शिरते. पहिली फळं हिरवीच काढा, नवी फुलं लवकर येतात. सगळी लाल होईपर्यंत ठेवली तर झाड फुलणं थांबवतं.

मिरची बहुवर्षायू आहे. पाच-सहा महिन्यांनी फळं बारीक व्हायला लागली की झाड टाकू नका. खोडावर ८ इंचांपर्यंत, प्रत्येक फांदीवर दोन-तीन डोळे ठेवून छाटा. सगळी पानं काढून टाका, म्हणजे उरलेली कीडही जाते. पिशवी साध्या पाण्याने धुऊन काढा, दिवा १० तासांवर आणा आणि वजन बघून अगदी थोडं पाणी द्या, कारण पानं नसलेलं झाड पाणी पीत नाही. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात. फूट बोटभर झाली की दिवा पुन्हा १६ तासांवर आणि खत लिटरला अर्ध्या ग्रॅमपासून.